डावीकडची खुर्ची



हळदीच्या नाहीतर सोयाबीनच्या शेतात उभं असताना आभाळात चमचमता ठिपका सरकताना दिसला, की तुम्ही काय करता? मान वर, बोट वर आणि 'विमान, विमान!' म्हणून एकच गलका. घरातलं सगळ्यात लहान पोर तर हात हलवून त्याला टाटा करतं. गंमत म्हणजे, आपल्या देशात नियमित विमानसेवा सुरू करणाऱ्या पहिल्या माणसाचं आडनावही टाटाच होतं!

आपल्या हिंगोली जिल्ह्यात विमानतळ नाही. आपल्याला जवळचा म्हणजे नांदेडचा. त्यामुळे आपल्यापैकी पुष्कळांनी विमान पाहिलं आहे ते खालूनच. म्हणून आज आपण त्या ठिपक्याच्या आत डोकावू या. तेही थेट त्याच्या नाकापाशी.

तिथे एक चिमुकली खोली असते. तिला कॉकपिट म्हणतात. समोर काचा, आजूबाजूला पुष्कळ घड्याळं, बटणं आणि दांडे. आणि शेजारी शेजारी दोन खुर्च्या. एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही खुर्च्यांवर बसणाऱ्यांना विमान उडवता येतं. दोघांचंही शिक्षण झालेलं असतं, दोघांकडेही परवाना असतो. मग फरक काय?

फरक आहे बरं का! डावीकडे बसतो तो कॅप्टन, म्हणजे मुख्य वैमानिक. उजवीकडे बसतो तो सहवैमानिक. उतरण्याआधी विमान धावपट्टीभोवती जो फेरा घालतं, तो सहसा डावीकडे वळत घालतात. त्यामुळे डावीकडच्या खिडकीतून धावपट्टी छान दिसते. पण खरी गोष्ट वेगळीच आहे. वादळ आलं, इंजिन कुरकुरलं, खाली धुकं दाटलं, तर उतरायचं की माघारी वळायचं, हे शेवटी कॅप्टन ठरवतो. म्हणजे डावी खुर्ची ही निर्णयाची खुर्ची.

आजची गोष्ट या डाव्या खुर्चीची आहे. तिच्यावर कोण बसलं, कसं बसलं आणि कुणाला खूप दिवस बसू दिलं नाही, याची.

पत्रं आधी, माणसं नंतर

विमानातून प्रवासी नेण्याआधी लोकांनी पत्रं नेली. का? कारण पत्राला भीती वाटत नाही, थंडी वाजत नाही आणि उलटीही होत नाही!

आणि विमानातून सरकारी टपाल जगात पहिल्यांदा कुठे गेलं, माहीत आहे? इंग्लंडमध्ये नाही, अमेरिकेत नाही, तर आपल्या भारतात. १८ फेब्रुवारी १९११ रोजी हेन्री पेके नावाच्या फ्रेंच वैमानिकानं अलाहाबादहून म्हणजे आताच्या प्रयागराजहून विमान उडवलं आणि नदीपलीकडच्या नैनीला उतरवलं. अंतर होतं अवघं दहाएक किलोमीटर. बरोबर होती सुमारे ६,५०० पत्रं. 

तीन वर्षांनी माणसांची पाळी आली. १ जानेवारी १९१४ रोजी अमेरिकेत फ्लोरिडामध्ये टोनी जॅनस या वैमानिकानं एका प्रवाशाला खाडीपलीकडे पोचवलं. ते विमान पाण्यावरून उडायचं आणि पाण्यावरच उतरायचं. जणू पंख लावलेली होडीच. पहिल्या तिकिटाचा चक्क लिलाव झाला होता आणि ते ४०० डॉलरला गेलं. प्रवास किती वेळाचा? २३ मिनिटांचा! वेळापत्रक लावून चाललेली विमानातली ही पहिली प्रवासी सेवा.

स्पार्क प्लगची गोष्ट

आता येऊ या आपल्या टाटांकडे. जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, म्हणजेच जे. आर. डी. टाटा. त्यांचा जन्म १९०४ सालचा. लहानपणी फ्रान्समध्ये सुट्टीत राहायला जायचे, तेव्हा त्यांनी समुद्रकिनाऱ्यावर विमानं पाहिली आणि तेव्हापासून त्यांना विमानाचं वेडच लागलं. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. त्यावर क्रमांक होता १! भारतात दिलेला तो पहिला परवाना.

पुढच्याच वर्षी एक शर्यत लागली. इंग्लंड ते भारत हा प्रवास एकट्यानं विमानातून करणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखान ५०० पौंडांचं बक्षीस देणार होते. तुम्ही भारताकडून निघा नाहीतर इंग्लंडकडून, चालणार होतं. जेआरडी कराचीहून निघाले. उलट बाजूनं, इंग्लंडहून, अस्पी इंजिनिअर नावाचा मुलगा निघाला. वय किती? फक्त १७ वर्षं. म्हणजे आपल्याकडे बारावीला असतात तेवढं.

इजिप्तमधल्या अबुकीर इथे दोघांची गाठ पडली. अस्पी तिथे अडकून पडला होता. त्याच्या विमानाला स्पार्क प्लग हवे होते. तुमच्या घरी मोटारसायकल असेल तर हा प्लग तुम्ही पाहिला असेल. बोटाएवढी वस्तू, पण ती बिघडली की गाडी चालत नाही. जेआरडींकडे जास्तीचे प्लग होते.

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? समोर शर्यतीतला भिडू. तो अडकला तर बक्षीस आपलंच. जेआरडींनी प्लग काढून त्याला देऊन टाकले. अस्पीनंही आपलं समुद्रात तरंगण्याचं जाकीट त्यांना दिलं. दोघं आपापल्या दिशेनं उडाले आणि अस्पी थोडक्यात आधी पोचला. बक्षीस त्याला मिळालं. हाच अस्पी इंजिनिअर पुढे १९६० साली भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

या गोष्टीत एक बारीक मुद्दा आहे, तो विसरू नका. दोघांच्याही विमानात निर्णय घेणारा माणूस एकच होता. थांबायचं की निघायचं, प्लग द्यायचा की नाही, सगळं त्यानं स्वतःच ठरवलं.

समुद्रात बुडणारा विमानतळ

१९३२ सालच्या ऑक्टोबरची १५ तारीख. सकाळचे ६ वाजून ३५ मिनिटं. कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून जेआरडींचं 'पस मॉथ' जातीचं विमान उडालं. इंग्लंडहून येणारं टपाल तेव्हा इंग्रज कंपनीच्या विमानानं कराचीपर्यंत यायचं. तिथून पुढे मुंबईला आणि मद्रासला ते विमानानंच न्यायचं, असा हा बेत होता. मूळ कल्पना नेव्हिल व्हिन्सेंट यांची. ते ब्रिटनच्या हवाई दलात वैमानिक होते.

पस मॉथ किती मोठं होतं म्हणता? एक इंजिन, लाकडी पंख आणि त्यांवर ताणून बसवलेलं कापड. आत वैमानिक आणि फार तर दोन माणसं. जीपपेक्षा जागा कमीच. पहिल्या दिवशी त्यात होतं सुमारे २५ किलो टपाल, म्हणजे गव्हाचं अर्धं पोतं. विमान अहमदाबादला उतरलं, तेव्हा पेट्रोलचे डबे कशातून आले, ओळखा पाहू. बैलगाडीतून! विमानाचं पेट्रोल बैलांनी ओढून आणलं. दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी जेआरडी मुंबईत जुहूला उतरले. तिथून व्हिन्सेंट ते टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले.

जुहूचा तेव्हाचा विमानतळ म्हणजे समुद्राकाठचा चिखलाचा सपाट तुकडा. भरती आली की धावपट्टी पाण्याखाली! पावसाळ्यात तर तिथे उतरणंच अशक्य. मग सगळा संसार पुण्याला, येरवड्याला हलवायचा. संसार तरी केवढा? दोन विमानं आणि मूठभर वैमानिक व मेकॅनिक.

आणि वाट कशी सापडायची? विमानात रेडिओ नव्हता. खालून 'डावीकडे या, उजवीकडे या' असं सांगणारं कुणी नव्हतं. होकायंत्र, मांडीवर उघडलेला नकाशा आणि खिडकीतून दिसणारे रेल्वेचे रूळ आणि नद्या. ढग आले की रूळ दिसेनासे व्हायचे. तरीसुद्धा पत्रं वेळेवर पोचायची. पहिल्या वर्षात या विमानांनी मिळून १,६०,००० मैल अंतर कापलं आणि १५५ प्रवासीही नेले. टपालाच्या पिशव्यांशेजारी दाटीवाटीनं बसून हे लोक जायचे. ही कंपनी १९३८ साली 'टाटा एअरलाइन्स' झाली आणि १९४६ साली 'एअर इंडिया'. ८ जून १९४८ रोजी तिचं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून लंडनला निघालं. बैलगाडीतल्या पेट्रोलपासून थेट लंडनपर्यंत, अवघ्या सोळा वर्षांत!

आपल्या संस्थानाची विमान कंपनी

'पण बाई, हे सगळं मुंबई-कराचीचं झालं. आपल्याकडचं काय?' असं तुम्ही विचारणार, मला माहीत आहे. तर ऐका.

आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. त्याआधी आपण परभणी जिल्ह्यात होतो. त्याच्याही आधी, १७ सप्टेंबर १९४८पर्यंत, आपला सगळा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबरला आपण शाळेत झेंडावंदन करतो, ते त्याच मुक्तीसाठी. या संस्थानाची स्वतःची रेल्वे होती, स्वतःच्या बसगाड्या होत्या, स्वतःचं चलनसुद्धा होतं. आणि स्वतःची विमान कंपनीही होती! नाव 'डेक्कन एअरवेज'. १९४५ साली हैदराबाद सरकार आणि टाटा यांनी मिळून ती काढली. हैदराबादच्या बेगमपेठ विमानतळावरून तिची विमानं उडायची.

विमानं होती 'डाकोटा' जातीची. हे विमान १७ डिसेंबर १९३५ रोजी पहिल्यांदा उडालं आणि त्यानं विमानप्रवासाचं रूपच बदललं. दोन इंजिनं. अंग आणि पंख धातूचे. वीस-पंचवीस प्रवासी आरामात बसायचे. जमिनीवर उभं असताना त्याची शेपटी खाली आणि नाक वर असायचं. त्यामुळे दारातून आत शिरल्यावर प्रवाशांना टेकडी चढल्यासारखं चालत आपल्या खुर्चीपर्यंत जावं लागायचं! फार उंच जायची सोय नव्हती, कारण आत हवेचा दाब राखायची व्यवस्था नव्हती. म्हणून ते ढगांवरून नाही, तर पुष्कळदा ढगांतूनच जायचं. हिसके बसायचे. प्रवाशांच्या हातात कागदी पिशवी तयारच!

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकी सैन्याचे कितीतरी डाकोटा भारतात तसेच राहिले होते. ते स्वस्तात विकले गेले आणि देशात विमान कंपन्यांचं पीकच आलं. १९४७च्या ऑक्टोबरमध्ये काश्मीरवर हल्ला झाला, तेव्हा श्रीनगरला सैनिक पोचवले ते याच जातीच्या विमानांनी.

३० जानेवारी १९४९पासून तर रात्रीची टपालसेवा सुरू झाली. तिची गंमत ऐका. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री चार विमानं निघायची. मध्यरात्री चारही विमानं आपल्या नागपूरला भेटायची. तिथे पिशव्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या गावी परत. म्हणजे संध्याकाळी मुंबईत टाकलेलं पत्र सकाळी कलकत्त्यात! आपल्या आजी-आजोबांच्या लहानपणी रात्री अंगणात झोपल्यावर घुंऽऽ असा आवाज ऐकू आला असेल, तर तो कदाचित याच टपालविमानाचा असेल. विचारून बघा.

आठ नकार आणि एक होकार

डाकोटात दोन खुर्च्या होत्या. आणि इथूनच आपली खरी गोष्ट सुरू होते.

१९४७ साली अलाहाबादच्या फ्लाइंग क्लबमध्ये शिकून प्रेम माथुर या तरुणीनं व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवला. व्यावसायिक म्हणजे पगार घेऊन विमान उडवण्याचा परवाना. हा परवाना मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. याआधी आपल्या देशातल्या स्त्रियांनी विमान उडवलंच नव्हतं असं नाही. सरला ठकराल यांनी १९३६ साली लाहोरमध्ये साडी नेसून एकटीनं विमान उडवलं होतं, तेव्हा त्या २१ वर्षांच्या होत्या. पण नोकरी? ती कुणी देत नव्हतं.

प्रेम माथुर यांनी एका कंपनीकडे अर्ज केला. नकार. दुसरीकडे केला. नकार. तिसरीकडे, चौथीकडे... एकूण आठ कंपन्यांनी त्यांना नाही म्हटलं. परवाना होता, उड्डाणाचे तास भरले होते, हात तयार होता. कमी होतं ते एकच, त्या मुलगा नव्हत्या.

नववा दरवाजा उघडला. तो होता डेक्कन एअरवेजचा. हो, आपल्याच जुन्या संस्थानातल्या कंपनीचा. प्रेम माथुर हैदराबादला आल्या आणि डाकोटाच्या उजव्या खुर्चीवर बसल्या, सहवैमानिक म्हणून. त्यांच्या विमानातून मोठमोठ्या माणसांनी प्रवास केला. इंदिरा गांधी, लालबहादूर शास्त्री, लेडी माउंटबॅटन. १९४९ साली त्यांनी राष्ट्रीय हवाई शर्यत जिंकली. आता बोला! शर्यतीत कुणी विचारतं का, की वैमानिक मुलगा आहे की मुलगी? जो पुढे जाईल तो पहिला.

एवढं झाल्यावर त्यांनी काय मागितलं? डावी खुर्ची. कॅप्टन होण्यासाठी लागणारे उड्डाणाचे तास त्यांनी पूर्ण केले होते. आणि कंपनीनं सांगितलं, नाही.

ज्या कंपनीनं आठ नकारांनंतर होकार दिला, तिनंच हा नववा नकार दिला. दार उघडलं, पण अर्धंच. उडवायला येतं ना? मग उडव. पण ठरवणार दुसरा.

प्रेम माथुर चिडून घरी बसल्या नाहीत. त्यांनी ती नोकरी सोडली आणि दिल्लीला जाऊन उद्योगपती घनश्यामदास बिर्ला यांच्या वैमानिक झाल्या. १९५३ साली सरकारनं विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. डेक्कन एअरवेजसह आठ कंपन्या मिळून 'इंडियन एअरलाइन्स' झाली. त्याच वर्षी प्रेम माथुर तिथे रुजू झाल्या आणि पुढची सगळी नोकरी त्यांनी तिथेच केली.

खडूच्या दोन खुर्च्या

ही गोष्ट चौथीच्या वर्गात सांगायची ठरवली, तेव्हा मी फरशीवर खडूनं कॉकपिट काढलं. दोन चौकोन, म्हणजे दोन खुर्च्या. कुठली कुणाची हे आधी सांगितलं आणि म्हटलं, 'जोडीजोडीनं या आणि बसा.'

दोन मुलगे आले की डाव्या चौकोनासाठी ढकलाढकली व्हायची. मुलगा आणि मुलगी आली, तर मुलगा सरळ जाऊन डावीकडे बसायचा आणि मुलगी न सांगता उजवीकडे. कुणी कुणाला ढकललं नाही, कुणी कुणाला अडवलं नाही. आपोआपच. शेवटी एक मुलगी आली, चौकोनांजवळ थांबली आणि म्हणाली, 'बाई, मी डावीकडे बसू का?'

मी म्हटलं, 'बस की. विचारायचं कशाला?' ती बसली आणि लगेच हुकूम सोडला, 'ढग आलेत, विमान वर घ्या!' तिच्या शेजारचा मुलगा निमूटपणे वर वर करू लागला. विमान छान चाललं!

पण बघा, एकाही मुलानं मला विचारलं नव्हतं. तिला मात्र परवानगी घ्यावीशी वाटली. कंपनीनं नकार द्यायच्या आधीच पुष्कळ मुली स्वतःहून उजवीकडे जाऊन बसतात. ही सवय कुठून लागते, याचा विचार आपण सगळ्यांनी करायला हवा. शाळेत मॉनिटर कोण असतो आणि रांगोळी कोण काढतं? घरी सायकल कुणाला आधी मिळते? जरा आठवा.

वीज चमकली!

मग डाव्या खुर्चीपर्यंत कुणी पोचलं की नाही? पोचलं तर!

१९८५ सालचा नोव्हेंबर महिना. कलकत्त्याहून आसाममधल्या सिल्चरला इंडियन एअरलाइन्सचं 'फोकर फ्रेंडशिप' विमान निघालं. त्यातल्या सगळ्या कर्मचारी स्त्रियाच होत्या. आणि डाव्या खुर्चीवर होत्या कॅप्टन सौदामिनी देशमुख. नाव ओळखीचं वाटलं ना? अगदी आपलं मराठी नाव. सौदामिनी म्हणजे वीज! उजव्या खुर्चीवर होत्या निवेदिता भसीन. १९८९ साली सौदामिनी देशमुख यांनी मुंबई ते गोवा असं मोठं बोइंग ७३७ विमान नेलं. तेव्हाही सगळ्या स्त्रियाच.

आणि सिल्चरच्या विमानात उजवीकडे बसलेल्या निवेदिता भसीन? १ जानेवारी १९९० रोजी त्याही डावीकडे सरकल्या. जेट विमानाच्या कॅप्टन झाल्या, तेव्हा त्यांचं वय होतं २६. एवढ्या लहान वयात जेट विमानाची कॅप्टन झालेली स्त्री तोवर जगात दुसरी नव्हती. त्या दिवशीचं विमान कुठून कुठे गेलं, माहीत आहे? मुंबई, औरंगाबाद, उदयपूर! म्हणजे आपल्याच मराठवाड्यात, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, ते विमान उतरलं.

हैदराबाद संस्थानातल्या कंपनीनं नाकारलेली ती खुर्ची, त्याच जुन्या संस्थानातल्या एका शहरात अशी उतरली. मध्ये चाळीस वर्षं गेली.

आज आपल्या देशातल्या वैमानिकांपैकी सुमारे १५ टक्के स्त्रिया आहेत. जगाची सरासरी याच्या निम्मीसुद्धा नाही. पंधरा म्हणजे शंभरातल्या पंधरा. बरंच झालं आहे आणि बरंच राहिलंही आहे.

पालकांसाठी दोन शब्द

हे पान मुलांबरोबर तुम्हीही वाचता, म्हणून चार ओळी तुमच्यासाठी. वैमानिकाच्या व्यावसायिक परवान्यासाठी वय किमान १८ लागतं, डोळे आणि तब्येत नीट लागते आणि २०० तासांचं उड्डाण लागतं. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हे विषय असावेत असा नियम चालत आला आहे. उत्तर प्रदेशात फुरसतगंज इथे सरकारी उड्डाण अकादमी आहे. आपल्या महाराष्ट्रात गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरही हे शिक्षण मिळतं. खर्च खूप आहे, हे खोटं सांगण्यात अर्थ नाही. त्यासाठी कर्ज लागतं, शिष्यवृत्ती शोधावी लागते.

पण आपल्या कितीतरी मुलींची गाडी त्या खर्चापर्यंत पोचतच नाही. ती अडते गावातली शाळा संपते तिथे. पुढची शाळा दुसऱ्या गावाला, बस वेळेवर नाही, 'मुलगी एकटी कशी जाणार?' ही काळजी खरी आहे, तिला मी नावं ठेवत नाही. तरी त्याच गावातला मुलगा त्याच बसनं जातो. तेव्हा 'नाही' म्हणण्याआधी एकदा बघा, हा नकार तिच्या अभ्यासासाठी आहे की फक्त ती मुलगी आहे म्हणून. चार मुलींना मिळून जाता येईल का, जिल्हा परिषदेकडून सायकल मिळेल का, याची शाळेत चौकशी करा. आम्ही शिक्षक तुमच्याबरोबर आहोत.

या आठवड्याचा उद्योग

१. भारताच्या नकाशावर पट्टी ठेवून मुंबई आणि नागपूर जोडा. ही रेघ आपल्या हिंगोलीच्या कोणत्या बाजूनं जाते? तिच्याजवळची तीन मोठी गावं लिहा.

२. जेआरडी सकाळी ६.३५ ला निघाले आणि दुपारी १.५० ला पोचले. किती वेळ लागला? अंतर साधारण १,००० किलोमीटर धरा आणि ताशी वेग काढा. अहमदाबादला थांबलेला वेळही यात आला, हे लक्षात असू द्या. उत्तर १४०च्या आसपास यायला हवं.

३. जेआरडींनी भिडूला प्लग दिले. तुम्ही दिले असते का? का, ते वहीत पाच ओळींत लिहा. खरं लिहा हं! 'नसते दिले' असं असलं तरी चालेल, पण कारण हवं.

४. अंगणात खडूनं दोन खुर्च्या काढा आणि भावंडांबरोबर विमान-विमान खेळा. नियम एकच. दर दहा मिनिटांनी जागा बदलायच्या आणि डावीकडे जो बसेल त्याचं ऐकायचं. मग तो दादा असो की धाकटी ताई.

पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू. तोवर आभाळात ठिपका दिसला, तर टाटा करा. आणि त्याच्या डाव्या खुर्चीवर आज कोण बसलं असेल, याचा अंदाज बांधा.

तुमच्या
बाई